साताऱ्याचा तहनामा आणि राष्ट्राराष्ट्रांतील कायदा

तह म्हणजे काय, हा प्रश्न वरवर पाहणारास फार सोपा वाटतो. दोन राज्यें एकमेकांस वचन देतात, तें वचन कागदावर उतरतें, त्यावर शिक्कामोर्तब होतें, आणि तेव्हांपासून दोन्ही राज्यें त्यानें बांधलीं जातात. याहून खोलांत जाण्याचें कारण सहसा कोणास पडत नाहीं. परंतु त्या दोहोंपैकीं एक प्रबळ आणि दुसरें दुर्बळ असलें, आणि वचनांतील एखाद्या शब्दाच्या अर्थाविषयीं पुढें वाद निघाला, तर तो अर्थ कोणीं ठरवावयाचा? प्रबळानेंच ठरवावयाचा असेल, तर तहांत आणि हुकमांत फरक तो काय राहिला? राष्ट्राराष्ट्रांतील कायद्याच्या अभ्यासकांमध्यें गेलीं पन्नास-साठ वर्षें जे वाद चालू आहेत, त्यांतील एक मोठा वाद याच प्रश्नाभोंवतीं फिरतो. हे ग्रंथ बहुधा इंग्रजींत लिहिलेले आणि दूरदेशीं छापलेले असतात. तथापि ज्या गोष्टींवरून हा प्रश्न उत्तम समजतो, त्या आमच्या सातारा व सांगली प्रांतांतच घडलेल्या आहेत. त्या वाचकांपुढें मांडाव्या आणि त्यांच्या उजेडांत हा वाद पाहावा, एवढाच या लेखाचा हेतु.

इ. स. १८१८ च्या फेब्रुवारींत पेशवाई शेवटच्या घटका मोजीत होती. १० तारखेस साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हातीं गेला. दुसऱ्याच दिवशीं माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं प्रसिद्ध जाहीरनामा काढला, आणि त्यांत बाजीरावांच्या कैदेंत असलेल्या छत्रपतींस सोडवून एका स्वतंत्र राज्याचे धनी करूं, असें अभिवचन दिलें. २० तारखेस आष्टीच्या लढाईंत बापू गोखले पडले व प्रतापसिंह महाराज इंग्रजांकडे आले. या अभिवचनास अनुसरून २५ सप्टेंबर १८१९ रोजीं कंपनी सरकार आणि छत्रपति यांच्यामध्यें तह झाला. उत्तरेस नीरा, दक्षिणेस कृष्णा व वारणा, पश्चिमेस सह्याद्रि आणि पूर्वेस पंढरपूर व विजापूर यांच्या दरम्यानचा मुलूख महाराजांकडे आला.

या तहनाम्यांतील तीन कलमें ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत. पहिल्या कलमाचा भाव असा कीं, महाराजांनीं व त्यांचे पुत्र, वारस आणि उत्तराधिकारी यांनीं या मुलखावर पिढ्यान्‌पिढ्या सार्वभौमपणें राज्य करावें. दुसऱ्याचा भाव असा कीं, हें राज्य इंग्रज सरकारच्या दुय्यम सहकार्यानें चालावें व इंग्रज वकिलाचा सल्ला सर्व बाबतींत मानला जावा. पांचव्यानें महाराजांस परराज्यांशीं, तसेंच मुलखाबाहेरील सरदार-जहागीरदारांशीं, परभारें कसलेंहि दळणवळण ठेवण्याची मनाई केली. एकाच कागदांत एक कलम सार्वभौमत्व देतें आणि दुसरीं दोन त्याला वेसण घालतात. ज्यांनीं तो लिहिला त्यांस यांत विसंगति वाटली नसावी. कारण अर्थ लावण्याचा प्रसंग येईल तेव्हां अर्थ लावणारे आपणच असूं, हें त्यांस ठाऊक होतें.

पहिलीं कांहीं वर्षें बरीं गेलीं. मराठ्यांच्या इतिहासाचे लेखक म्हणून पुढें प्रसिद्धीस आलेले कॅप्टन जेम्स ग्रँट डफ हेच साताऱ्यास कंपनीचे पहिले प्रतिनिधि होते. त्यांच्या देखरेखीखालीं कारभाराची घडी बसली व १८२२ सालीं महाराजांस पूर्ण अखत्यार मिळाला. प्रतापसिंह महाराज कामसू, विद्येचे चाहते आणि टिपण ठेवण्याची शिस्त असलेले होते. शाळा, छापखाना, रस्ते व शहरास पाणी यांकडे त्यांनीं जातीनें लक्ष पुरविलें. परंतु तहनामा त्यांनीं अक्षरशः वाचला होता, आणि त्यांतील पहिलें कलम ते विसरावयास तयार नव्हते. जहागीरदारांवरील हक्कांवरून मुंबई सरकारशीं त्यांचा वाद पडला. मग १८३६ सालीं त्यांच्यावर देशी पलटणींतील शिपायांस फितविल्याचा आरोप आला. गोव्याच्या पोर्तुगीज सरकाराशीं आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशीं गुप्त मसलत केल्याचे आरोपहि त्यास जोडले गेले. गोव्याशीं पत्रव्यवहार हा एरवीं एका शेजाऱ्यानें दुसऱ्याशीं केलेला व्यवहार. पण पांचव्या कलमामुळें तोच राजद्रोहासारखा मानला गेला.

चौकशी झाली ती बंद दाराआड. महाराजांचें म्हणणें एवढेंच होतें कीं, पुरावा मला दाखवा आणि उघडपणें माझें ऐकून घ्या. १८३९ च्या ऑगस्टांत मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्यास आले. त्यांनीं पुढें केलेला कागद मोठा चमत्कारिक होता: तहाचा भंग केल्याचें कबूल करून सही करावी, म्हणजे सर्व माफ होऊन राज्य कायम राहील. महाराजांनीं राज्य सोडणें पत्करलें, पण न केलेला अपराध कबूल करणें पत्करलें नाहीं. ५ सप्टेंबर १८३९ रोजीं त्यांस गादीवरून काढण्यांत आलें, पुढें काशीस नेण्यांत आलें, आणि तेथेंच १४ ऑक्टोबर १८४७ रोजीं त्यांचा अंत झाला. सही केली असती तर कदाचित् राज्य टिकलें असतें. पण त्या सहीबरोबर तहभंगाचा निवाडा करण्याचा अधिकार एकाच पक्षाचा आहे, हेंहि छत्रपतींच्या हातून लिहून गेलें असतें. आमच्या मतें साताऱ्याच्या इतिहासांतील हा क्षण एखाद्या लढाईइतकाच मोलाचा आहे.

त्यांच्या जागीं बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांस बसविलें. तेहि ५ एप्रिल १८४८ रोजीं निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वीं त्यांनीं एक मुलगा दत्तक घेतला होता. आतां सारा प्रश्न पहिल्या कलमांतील ‘वारस आणि उत्तराधिकारी’ या दोन शब्दांवर येऊन ठेपला. हिंदु धर्मशास्त्राप्रमाणें दत्तक पुत्र हा पुत्रच होय. तेव्हां तो वारस होतो कीं नाहीं? मुंबईचे त्या वेळचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनीं प्रांजळपणें लिहिलें कीं, तहाच्या शब्दांत दत्तकास वगळलेलें नाहीं, म्हणून राज्य दत्तकाकडे गेलें पाहिजे. त्यांच्या मंडळांतील विलोबी यांचें मत उलट पडलें. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनीं ३० ऑगस्ट १८४८ च्या टिपणांत विलोबींचा पक्ष उचलला. त्यांच्या विचाराचें सार असें: हें राज्य आम्हींच निर्माण केलें, तें आश्रित आहे, खासगी मालमत्तेपुरता दत्तक चालेल, परंतु गादीसाठीं सार्वभौम सत्तेची संमति लागते, आणि ती देणें न देणें आमच्या मर्जीवर आहे. २४ जानेवारी १८४९ रोजीं लंडनच्या संचालक मंडळानें हें मत मान्य केलें, आणि सातारा खालसा झालें. पुढें नागपूर व झांशी यांना हाच न्याय लागला, हें सर्वश्रुत आहे.

आतां कृष्णेच्या कांठानें थोडें खालीं सांगलीकडे वळूं. पटवर्धनांची दौलत मुळांत पेशव्यांची सरंजामी. छत्रपतींच्या गादीशीं तिची बरोबरी कोणींच केली नसती. १८१९ सालीं साताऱ्याशीं तह झाला, त्याच वर्षीं सांगलीच्या चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांस मिळालीं तीं कंपनीनें ठरवून दिलेलीं अटींचीं कलमें होतीं. त्यांत ‘पिढ्यान्‌पिढ्या सार्वभौमपणें’ अशी भव्य भाषा नव्हती. परिणाम मात्र काय झाला? ज्या घराच्या पदरीं सार्वभौमत्वाचा लेख होता तें तीस वर्षांत खालसा झालें, आणि ज्याच्या पदरीं केवळ सरंजामाच्या अटी होत्या तें संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत टिकलें. मध्यें १९०१ सालीं सांगलीचे धुंडिराव तात्यासाहेब औरस पुत्रावांचून निवर्तले, तरी गादी बुडाली नाहीं. कारण १८५७ च्या उठावानंतर सरकारचें धोरण पालटून दत्तकाच्या सनदा वांटल्या गेल्या होत्या. परंतु त्याच पटवर्धन कुळांतील सोनीची शाखा १८४५ त आणि तासगांवची १८४८ त वारसावांचून सरकारजमा झाली होती. एकाच घराण्यांत, एकाच धर्मशास्त्राखालीं, केवळ वर्ष निराळें म्हणून निकाल निराळा! यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, निर्णय कलमांच्या शब्दांवर होत नसून कलकत्त्याच्या व लंडनच्या धोरणावर होत होता. कायद्याची भाषा मागाहून जोडली जात होती.

मग दाद मागावयाची कोठें? हा प्रश्न घेऊनच रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. १८५३ च्या अखेरीपर्यंत, सुमारें तेरा-चौदा वर्षें, त्या परक्या शहरांत राहून त्यांनीं अर्ज केले, चोपड्या छापविल्या, सभासदांच्या भेटी घेतल्या. कंपनीच्या भागीदारांच्या सभेंत साताऱ्याचा प्रश्न वारंवार निघाला. जॉर्ज टॉमसन, जोसेफ ह्यूम यांसारख्या इंग्रजांनीं छत्रपतींची बाजू मोकळ्या मनानें मांडली. परंतु सभेंतलीं भाषणें म्हणजे न्यायालयाचा निवाडा नव्हे. न्यायालयांत जावें तर काय होतें, तें तंजावरच्या भोसल्यांच्या प्रकरणावरून दिसलें. १८५५ सालीं तंजावरचे शिवाजीराजे निपुत्रिक वारल्यावर कंपनीनें राज्याबरोबर खासगी मत्ताहि ताब्यांत घेतली. राणी कामाक्षीबाईंनीं मद्रासच्या न्यायालयांत दावा जिंकला. पण १८५९ त प्रिव्ही कौन्सिलनें तो फिरविला. कारण असें दिलें कीं, हें राज्याराज्यांमधील कृत्य आहे, त्याचा न्याय देशाच्या कोर्टास करतां येत नाहीं. येथें तर्काची मौज पाहा. दावा कोर्टांत नेला तर सांगावयाचें कीं, तुम्ही परराज्य आहां, कोर्टाचें तुमच्याशीं कर्तव्य नाहीं. आणि परराज्य म्हणून तहाचा आधार घेतला तर सांगावयाचें कीं, तुम्ही आश्रित आहां, राष्ट्राराष्ट्रांतील कायदा तुम्हांस लागू नाहीं. ही दुसरी गोष्ट २१ ऑगस्ट १८९१ रोजीं, मणिपूरच्या प्रकरणानंतर, हिंदुस्थान सरकारनें राजपत्रांत उघडपणेंच छापून टाकली.

रंगो बापूजी रिकाम्या हातानें परतले. १८५७ सालीं साताऱ्यास उठावाची मसलत उघडकीस आली, आणि ८ सप्टेंबर रोजीं १७ जणांना देहान्त शिक्षा झाली. त्यांत रंगो बापूजींचे चिरंजीवहि होते. ते स्वतः नाहींसे झाले, ते पुन्हां कोणास दिसले नाहींत. आयुष्याचीं ऐन वर्षें ज्यानें अर्ज लिहिण्यांत घालविलीं, त्याच्या घरीं शेवटीं असा प्रसंग यावा, हें वाचून आमच्याप्रमाणें वाचकांचेंहि मन विषण्ण झाल्यावांचून राहणार नाहीं.

आतां पंडितांच्या वादाकडे येऊं. युरोपांत राष्ट्राराष्ट्रांतील कायद्याचा पाया घालणारांमध्यें ज्यांची गणना होते, त्या ग्रोशियसनें १६०९ सालींच प्रतिपादन केलें होतें कीं, पूर्वेकडील बेटांचे राजे हे स्वतःचीं राज्यें व कायदे असलेले राजे आहेत, आणि पोर्तुगीजांस त्यांच्यावर शोधाच्या जोरावर हक्क सांगतां येत नाहीं. १७५८ सालीं व्हॅटेलनें लिहिलें कीं, दुर्बळ राज्यानें संरक्षणासाठीं प्रबळाचा आश्रय घेतला, तरी आपला कारभार आपण पाहण्याचा अधिकार राखला असेल तर त्याचें राज्यपण नष्ट होत नाहीं. साताऱ्याच्या तहास हें वचन किती चपखल बसतें! अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत मुख्य न्यायाधीश मार्शल यांनीं १८३२ सालीं याच विचाराचा आधार घेऊन चेरोकी लोकांची बाजू उचलून धरली. परंतु निवाडा त्यांच्या उपयोगीं पडला नाहीं. १८३८-३९ त त्यांस सैन्याच्या पहाऱ्यांत घरादारांतून हांकलून पश्चिमेस नेण्यांत आलें. काशीच्या वाटेवर छत्रपति चालले होते, तेंच हें वर्ष.

मद्रास विद्यापीठांत अध्यापन केलेले अलेक्झांड्रोविच या मूळच्या पोलिश पंडितांनीं १९६७ सालच्या आपल्या ग्रंथांत असा सिद्धान्त मांडला कीं, अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपीय सत्ता हिंदी राजांशीं बरोबरीच्या नात्यानें तह करीत. त्यांस राष्ट्रकुलांतून बाहेर ढकललें तें एकोणिसाव्या शतकाच्या नव्या कायदेशास्त्रानें. या मताप्रमाणें सातारा हें एका चांगल्या परंपरेच्या ऱ्हासाचें उदाहरण ठरतें. अँटनी अँघी यांनीं २००५ सालच्या ग्रंथांत याला मोठा धक्का दिला. त्यांचें म्हणणें असें कीं, तसा सुवर्णकाळ कधींच नव्हता. सोळाव्या शतकांतील व्हिटोरियापासूनच हा कायदा परक्या लोकांस जिंकण्याचें समर्थन करण्यासाठीं घडत आला, आणि सार्वभौमत्वाची कल्पना त्याच मुशींतून निघाली. लॉरेन बेंटन यांचें मत निराळेंच आहे. साम्राज्यें एकरंगी नसून त्यांत अर्धवट सार्वभौमत्वाचे अनेक तुकडे असतात, असें सांगतांना त्या बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांचें १८७५ चें प्रकरण घेतात. तेथें तीन इंग्रज व तीन हिंदी सभासदांची समिति नेमली, मतें समसमान पडलीं, आणि मल्हाररावांस तरीहि पदच्युत केलें. प्रियाशा सक्सेना यांनीं २०२३ सालच्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, संस्थानिक व त्यांचे कायदेपंडित हे या कायद्याचे केवळ बळी नव्हते. तीच भाषा घेऊन ते सरकाराशीं भांडत होते, आणि त्या भांडणांतूनहि सार्वभौमत्वाचा अर्थ घडत होता.

आम्हांस या सर्व मतांत शेवटच्या मतापाशीं थोडें अधिक थांबावेंसें वाटतें. अँघी यांचें म्हणणें सर्वस्वीं खरें मानलें, तर प्रतापसिंह व रंगो बापूजी हे जेत्याच्याच हत्यारानें जेत्याशीं लढूं पाहणारे भोळे लोक ठरतात. पण ते भोळे नव्हते. तह शब्दानें बांधतो, अर्थ लावण्याचा अधिकार एका पक्षाचा नसावा, आणि आरोपीचें ऐकल्यावांचून निवाडा होऊं नये, या तीन गोष्टी त्यांनीं आग्रहानें धरल्या. आज राष्ट्राराष्ट्रांतील कायद्याचा विद्यार्थी याच गोष्टी आरंभीं शिकतो. त्या कायद्याचा इतिहास लिहितांना हेग व जिनीव्हा यांचीं नांवें येतात तशीं साताऱ्याचेंहि नांव यावें, ही मागणी अभिमानापोटीं नव्हे, न्यायापोटीं आहे.

हा सगळा वाद केवळ जुन्या कागदांचा, असें कोणी म्हणेल. त्यांच्यासाठीं एक उदाहरण पुरें आहे. १७७९ सालीं पेशव्यांनीं पोर्तुगीजांशीं केलेल्या तहान्वयें बारा हजार रुपये उत्पन्नाचीं गांवें त्यांस दिलीं होतीं. तींच पुढें दादरा व नगरहवेली म्हणून ओळखलीं गेलीं. १९५४ सालीं तेथील पोर्तुगीज अंमल उठला, आणि पोर्तुगालनें हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांत भारतावर फिर्याद केली. १२ एप्रिल १९६० च्या निवाड्यांत न्यायालयानें म्हटलें कीं, अठराव्या शतकांतील मराठ्यांचा तह आजच्या रीतीभातींच्या मापानें मोजूं नये. मराठे तो बंधनकारक समजत होते, म्हणून तो वैध तहच होय. मात्र त्यानें दिलें तें सार्वभौमत्व नव्हे, केवळ जहागीर किंवा सरंजाम. ज्या मराठी राज्याच्या छत्रपतींस १८३९ त कोणी सुनावणी देईना, त्याच राज्याच्या सरंजाम या शब्दाचा अर्थ लावण्यासाठीं जगांतले न्यायाधीश एकशें एकवीस वर्षांनीं बसले! सार्वभौमत्व मिळालें कीं सरंजाम, हाच प्रश्न साताऱ्यास व सांगलीसहि होता. उणीव होती ती तिसऱ्या, तटस्थ न्यायाधीशाची.

परंतु दुसऱ्याचे दोष दाखवितांना आपल्याकडे पाहणेंहि प्राप्त आहे. मराठी सत्तेनेंहि दुर्बळांशीं तह करतांना तलवार म्यानांत ठेवलीच होती असें नाहीं. स्वतंत्र भारताच्या घटनेंतील ३६३ व्या कलमानें संस्थानिकांशीं झालेल्या करारांचे वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले, आणि १९७१ सालीं घटनादुरुस्तीनें त्यांचे तनखे बंद झाले. तंजावरच्या राणीस मिळालेल्या उत्तराशीं याचें कांहीं साम्य दिसतें. तथापि एक मोठा भेद आहे. १८१९ च्या तहांत महाराज होते, कंपनी होती. नीरा व वारणा यांच्यामधल्या रयतेस कोणींच विचारलें नव्हतें. तिला विचारण्याची सुरुवात याच प्रांतांत झाली. औंधच्या राजांनीं १९३९ सालीं आपण होऊन प्रजेच्या हातीं सत्ता दिली. पुढें १९४३ ते १९४६ या वर्षांत सातारा जिल्ह्यांतील खेड्यांनीं प्रतिसरकार चालवून पाहिलें. सार्वभौमत्व राजवाड्यांतून गांवच्या चावडीवर आल्यानंतर झालेला निर्णय आणि एका गव्हर्नर जनरलच्या टिपणानें झालेला निर्णय, हे आम्ही एका पारड्यांत घालूं इच्छीत नाहीं.

तरी मूळ प्रश्न सुटलेला नाहीं. बळजबरीनें झालेला तह रद्दबातल समजावा, असें १९६९ च्या व्हिएन्ना करारांत लिहिलें आहे. पण मोठीं राष्ट्रें लहानांशीं करार करतात, त्यांत सल्ल्याचीं, सहकार्याचीं व संरक्षणाचीं कलमें आजहि असतात, आणि त्यांचा अर्थ लावण्यास तटस्थ न्यायासनापुढें येण्यास मोठीं राष्ट्रें आजहि कांकूं करतात. अशा एखाद्या कराराची बातमी वर्तमानपत्रांत वाचतांना वाचकांनीं साताऱ्याचें पहिलें व पांचवें कलम आठवावें. त्यांतील गोड शब्द कोणते हें पाहण्यापूर्वीं, त्या शब्दांचा अर्थ कोण लावणार आहे, हें शोधावें. रंगो बापूजींनीं लंडनच्या दारोदार जाऊन तेंच विचारलें होतें.